प्रेडिक्शन मार्केटवर ट्रेडिंगची सुरुवात कशी करावी? आणि तसा हा जुगारच ना?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग सरळ आहे. नुकतेच अमेरिकेत आलात, कल्शी या प्रेडिक्शन मार्केटवर खातं उघडलंत, १०० डॉलर टाकलेत, आता पुढे काय? शेवटी मात्र तुम्ही सहज म्हणून जोडून दिलंय, "तसा हा जुगारच ना?" त्या चार शब्दांसाठी मी लिहायला बसलोय. आमचे साडू दर सणासुदीला चारचौघांत मला हेच ऐकवतात.

एखाद्या घटनेवर 'हो' किंवा 'नाही' असं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं, खरं ठरलं तर एक डॉलर, नाहीतर शून्य; हो आणि नाहीचे भाव मिळून साधारण एक डॉलर, आणि 'हो'चा ६० सेंट भाव म्हणजे बाजाराच्या मते ६० टक्क्यांच्या आसपास शक्यता, हे तुम्हाला माहीत असणारच. बहुतेक लोक एवढ्या भांडवलावर बटण दाबतात. मी म्हणतो, भावाकडे बघूच नका. आधी खालचा नियमांचा मजकूर उघडा आणि निकाल कोण देणार, कशावरून देणार, कुठल्या वेळेपर्यंतचं धरणार, ते वाचा. कंटाळवाणं असतं. तरी वाचा.

हे मी साडूंनाही सांगितलं होतं. लेबर डेच्या सुट्टीत ती मंडळी आमच्याकडे जेवायला होती. आम्ही सगळे शिकागोच्या आसपासच राहतो. मी रोजच्या तापमानाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये थोडंफार करतो हे त्यांना माहीत होतं, आणि कुठूनतरी ऐकून त्यांनीही खातं उघडलं होतं. "आज शिकागोचं कमाल तापमान किती?" असा बाजार असतो, त्यात दोन-दोन अंश फॅरनहाइटचे गट: ८३-८४, ८५-८६, असे. दुपारचे चार वाजून गेले होते. मी स्वयंपाकघरात कढईसमोर उभा, आणि हे फोन नाचवत आत आले. "अरे, इथं फुकटचे पैसे पडलेत आणि तू भजी काय तळतोयस!"

फोनवरच्या हवामान ॲपमध्ये दिवसाचं कमाल ८४ दिसत होतं. ऊन उतरायला लागलं होतं. ८३-८४ चा भाव ७८ सेंट होता. त्यांचा हिशोब असा, की निकाल तर लागल्यातच जमा आहे, मग ७८ ला घ्यायचं आणि उद्या एक डॉलर खिशात घालायचा.

मी विचारलं, "निकाल लागल्यातच जमा आहे तर कोणीतरी तुम्हाला २२ सेंट का सोडतंय?"

"असतात मूर्ख लोक," म्हणाले.

आता यातली मेख सांगतो. या बाजाराचा निकाल कुठल्याही ॲपवरून लागत नाही. मिडवे विमानतळावरच्या केंद्राची नोंद असलेला राष्ट्रीय हवामान सेवेचा रोजचा अहवाल निघतो, त्यात जो आकडा छापला असेल तो अंतिम. केंद्रावरचं यंत्र मोजतं फॅरनहाइटमध्ये, पण दर पाच मिनिटांची जी नोंद बाहेर पडते ती सेल्सियसच्या पूर्ण अंकात. संकेतस्थळं ती उचलून परत फॅरनहाइट करून दाखवतात. ८४ फॅरनहाइट म्हणजे २८.९ सेल्सियस, ८५ म्हणजे २९.४. पूर्णांकात दोन्हींचे २९ होतात. आणि २९ परत उलटे फिरवले की ८४.२. म्हणजे यंत्राने ८४ मोजलेलं असो की ८५, तुमच्या स्क्रीनवर ८४ च येणार. आणि या बाजारात ८४ आणि ८५ हे दोन वेगळ्या गटांत होते!

हे मी त्यांना झारा हातात धरून समजावलं. दर तासाच्या नोंदीत दशांश असतो, पण तासाच्या मधेच पारा चढून उतरला तर तोही कामाचा नाही. सहा तासांतलं कमाल देणारी नोंद संध्याकाळी सातच्या जरा आधी येते, तोवर थांबा, असंही म्हटलं. ते म्हणाले, "तोवर भाव ९९ होईल." तेही बरोबरच होतं, किंवा १ होईल. त्यांनी २०० कॉन्ट्रॅक्ट घेतले, १५६ डॉलर, फी वेगळी. खरेदीही बाजारभावाने, म्हणजे समोर जो काय भाव असेल त्याला.

सातच्या सुमारास नोंद आली. २९.४. जेवणं चालू होती. ८३-८४ चा भाव बघता बघता ७८ वरून ४ वर आला, ते फोन चटणीच्या बरणीला टेकवून बघत होते, आणि ताईंनी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही, याचा मटका." याचा! म्हणजे पैसे ह्यांनी लावले, नियम ह्यांनी वाचले नाहीत, आणि मटका माझा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या अहवालात ८५ छापून आलं. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात ओळख करून देताना सुद्धा "हे आमचे साडू, सट्टा खेळतात".

तर "जुगारच ना?" याचं माझं उत्तर. मटक्यात निघणाऱ्या आकड्याबद्दल जास्त अभ्यास केलेल्याला कमी अभ्यास केलेल्यापेक्षा काहीही जास्त कळत नाही. इथे कळतं. त्या दुपारी भाव ९७ नव्हता, ७८ होता, कारण २९ चे दोन अर्थ होतात हे जाणणारे लोक पलीकडे विकायला बसले होते. साडू ज्यांना मूर्ख म्हणत होते ते हेच. अमेरिकेच्या २०२४ च्या निवडणुकीत पॉलिमार्केट या दुसऱ्या प्रेडिक्शन मार्केटवर ट्रम्पवर पैसे लावून आठ कोटी डॉलरच्या वर कमावणाऱ्या फ्रेंच माणसाचं उदाहरण साडू नशीब म्हणून देतात. त्या माणसाने स्वतःच्या पैशाने सर्वेक्षण करून घेतलं होतं. त्यात लोकांना "तुम्ही कोणाला मत देणार" एवढंच न विचारता "तुमचे शेजारी कोणाला देतील" असं विचारलं होतं. असल्या कामाला नशीब म्हणत नाहीत.

शिवाय साडूंच्या लेखी निफ्टीचे ऑप्शन म्हणजे 'मार्केट'. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शनमधल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात निघाले. त्याला कोणी मटका म्हणत नाही, कारण त्याला ब्रोकरकडे खातं लागतं आणि टीव्हीवर टाय लावलेली माणसं त्यावर बोलतात.

बरं, तुमचे १०० डॉलर. पुरेत. एका कॉन्ट्रॅक्टमध्ये पाच-दहा डॉलरपेक्षा जास्त घालू नका. बाजारभावाने घेऊ नका, लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे आपल्याला परवडणारा भाव आधीच सांगा, आणि थांबा. कमी उलाढालीच्या बाजारात खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर पाच-सात सेंटही असतं, तिथेच कमाई जाते. ५० सेंटच्या आसपासच्या भावांना फी सगळ्यात जास्त बसते: कल्शीच्या नेहमीच्या सूत्राने ५० सेंटला १०० कॉन्ट्रॅक्ट घेतले तर १.७५ डॉलर. ९५ सेंटवाले 'पक्के' कॉन्ट्रॅक्ट नवख्यांना फार आवडतात. त्यातला एक बुडाला की आधीच्या एकोणीस वेळची कमाई जाते.

एकच विषय धरा. तुमच्या नोकरीमुळे किंवा सवयीमुळे ज्याचे अहवाल तुम्ही नाहीतरी वाचता तो: महागाईचे आकडे, व्याजदर, हवामान, काहीही. आणि त्याचे नियम पाठ होईपर्यंत वाचा. तापमानाचंच बघा, उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा हवामान सेवेचा दिवस घड्याळाप्रमाणे रात्री १ ते पुढच्या रात्री १ असा चालतो. पॉलिमार्केटवर २०२५ मध्ये झेलेन्स्की सूट घालणार का यावर वीस कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झाली. नेदरलँड्समध्ये ते काळं जाकीट-पँट घालून आले, वर्तमानपत्रांनी त्याला सूट म्हटलं, आणि निकाल मात्र तिथल्या वादांचा निवाडा करणाऱ्या क्रिप्टो टोकनच्या धारकांच्या मतदानाने 'नाही' असा लागला. फोटो बघून खरेदी करणारे बोंबलत बसले.

आता साडूंच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. या बाजारांतला मोठा भाग सध्या खेळांचा आहे, आणि रविवारी आपल्या आवडत्या संघावर पैसे लावणारा माणूस जुगारच खेळतोय, वर 'इव्हेंट कॉन्ट्रॅक्ट' असं लिहिलं म्हणून बदलत नाही. काही राज्य सरकारंही तेच म्हणत कोर्टात गेली आहेत, कल्शीचं म्हणणं आम्ही सीएफटीसी या केंद्रीय नियामकाच्या अखत्यारीत येतो. तुम्ही कुठल्या राज्यात राहता ते आधी बघा. करासाठी प्रत्येक व्यवहाराची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि सीएला, म्हणजे इथल्या सीपीएला, विचारा. त्यात माझं ऐकू नका. घरभाड्याचे पैसे यात घालायचे नाहीत, हे सांगायला लागू नये.

सरावच करायचा असेल तर मॅनिफोल्ड नावाच्या संकेतस्थळावर खेळण्यातल्या चलनात करता येतो. तिथे पैसे नसल्यामुळे लोक बेफिकीर असतात, पण ऑर्डर कशी लावायची ते हाताला बसतं. आयोवा विद्यापीठाचा निवडणूक बाजार १९८८ पासूनचा, शिक्षणासाठीचा, त्यात ५०० डॉलरची मर्यादाच आहे.

आणि हे भारतातून वाचत असाल तर यातलं काहीही करू नका. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या सेवा बंद केल्या. प्रोबोसारखी ओपिनियन ट्रेडिंगची, म्हणजे अशाच हो-नाहीच्या सौद्यांची, ॲपही त्यात गेली. हे आमच्या अखत्यारीत येत नाही, असं सेबीने त्याच्या आधी एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं. व्हीपीएन लावून अमेरिकेतलं खातं चालवायची युक्ती कोणी सांगत असेल तर त्याला विचारा, पैसे अडकले तर तक्रार कुठे करायची.