वाचकांचे प्रश्न : पन्नास मीटरचा हिशेब

प्रश्न : २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आमच्या जलतरणपटू वीरधवल खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य एका शतांश सेकंदानं हुकलं. इतक्या फरकाला पदक विभागून का देत नाहीत?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेळ शतांशापर्यंत सारखी असेल तरच पदक विभागून मिळतं. वीरधवलची वेळ होती २२.४७, जपानच्या शुनइची नाकाओची २२.४६. या वेगानं एका शतांश सेकंदात सव्वादोन सेंटिमीटर अंतर कापलं जातं, म्हणजे बोटाचं जेमतेम एक पेर.

यंत्राला हजारांशही मोजता येतो, पण निकाल तिथवर नेत नाहीत. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीत (चारही शैलींच्या शर्यतीत) स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मकीच्या ०.००२ सेकंद पुढे ठरला. त्यानंतर ही पद्धत बंद झाली. ५० मीटरच्या तलावाची लेन नियमानुसार एखादा सेंटिमीटर जास्त भरली तरी चालते. हजारांश सेकंदात अंतर पडतं जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. मग जिंकला कोण, पोहणारा की तलाव बांधणारा गवंडी? म्हणून रिओत २०१६ला १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ले क्लो आणि चेह या तिघांचीही वेळ ५१.१४ आली, तेव्हा तिघांनाही रौप्य मिळालं.

वीरधवलच्या बाबतीत खरी चुटपुट लावणारी गोष्ट निराळी आहे. प्राथमिक फेरीत तो २२.४३मध्ये पोहला होता. स्वतःचाच २००९चा २२.५२चा राष्ट्रीय विक्रम त्यानं तिथे मोडला. तीच वेळ अंतिम फेरीत आली असती, तर कांस्य त्याचं होतं. पण प्राथमिक फेरीची वेळ फक्त पुढे जाण्यापुरती. अंतिम फेरीत पाटी कोरी.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. ५० मीटरमध्ये ४५ मीटरपर्यंत पुढे असते आणि भिंतीपाशी मागे पडते. दम कमी पडतो का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : दम कमी पडत असता तर ती ३५ मीटरपासूनच मंदावली असती. चूक बहुधा स्पर्शात आहे. शेवटच्या ५ मीटरची खूण म्हणजे वर लावलेली बॅकस्ट्रोकची झेंड्यांची दोरी. तिच्याखालून गेल्यावर श्वास घ्यायचा नाही आणि भिंत बघायला डोकं उचलायचं नाही. डोकं वर आलं की कंबर बुडते, वेग तिथेच जातो.

दोन चुका नेहमी दिसतात. हात पुढे ताणून तरंगत भिंतीपर्यंत जाणं ही एक. तरंगताना वेग झपाट्यानं उतरतो. दुसरी, भिंतीजवळ अर्धाच स्ट्रोक मारून कोपर वाकवून टेकणं. त्यात हाताची लांबीच वाया जाते. यावर उपाय मोजणीचा. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत पूर्ण वेगात किती हात लागतात ते तिनं सरावात मोजावं. हळू पोहून काढलेला आकडा शर्यतीत कामाचा नाही. मग भिंतीपासून १५ मीटरवरून पूर्ण जोरात ६ ते ८ फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं विश्रांती. विश्रांती कापलीत तर वेगाचा सराव उरत नाही, नुसती दमछाक होते. शेवटी टचपॅडवर, म्हणजे वेळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पाटीवर, बोटं नीट दाबली जायला हवीत. नुसता ओझरता स्पर्श झाला तर यंत्र थांबत नाही.

उडीही तपासा. उडीनंतर पाण्यावर आल्यावर पहिल्याच हाताला श्वास घेत असेल, तर ते आधी बंद करा. पाण्याखाली १५ मीटरची मर्यादा आहे. पण लाथ कमकुवत असताना तिथवर खाली राहण्याचा अट्टहास नको.

प्रश्न : वीरधवलची कारकीर्द थोडक्यात सांगाल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जन्म १९९१, कोल्हापूर. पुढे बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे सराव. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल, तेव्हा वय १६. २०१०ला ग्वांगझूत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. १९८६ला सेऊलमध्ये खजानसिंगनं मिळवलेल्या रौप्यानंतर जलतरणातलं भारताचं हे पहिलंच आशियाई पदक. ती शर्यत तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हती. आता २०२८च्या लॉस एंजेलिससाठी घेतली आहे, त्याच्या दृष्टीनं फारच उशिरा. २०११ला अर्जुन पुरस्कार. मग राज्य शासनात तहसीलदार, मालवणलाही होता. पंचविशी उलटल्यावर परतून त्यानं जकार्तातला तो विक्रम केला, हे आमच्या मते पदकाइतकंच मोठं. २०२३च्या गोवा राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन तो निवृत्त झाला. महिलांच्या त्याच शर्यतीचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता हिनं जिंकलं.