एलीचा आवाज

"चर्चने मला टाकलं, म्हणजे देवानेही टाकलं, असंच ना?" हे वाक्य मी समुपदेशक म्हणून गेल्या बारा वर्षांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की, आता समोरची व्यक्ती सुरुवात करू लागली की पुढचे शब्द मला आधीच कळतात. नगर, श्रीरामपूर, जालना येथून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेले मराठी ख्रिस्ती तरुण, वसईची एक शिक्षिका, कॅम्प भागात लहानाचा मोठा झालेला एक परिचारक. यांचे पंथ वेगळे होते, घरची परिस्थिती वेगळी होती, प्रश्न मात्र एकच होता. आपण समलिंगी आहोत हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी मनोमन स्वीकारलेले होते. अडत होते ते पुढे: ज्या धर्मात आपण रांगायला शिकलो, त्याच्याकडे आता कोणत्या नजरेने पाहायचे? गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न पुन्हा तीन वेळा माझ्यासमोर आला, म्हणून एका तरुणाची हकिकत त्याच्या परवानगीने, ओळख पटू शकेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

तो आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. संगणक क्षेत्रात नोकरी, काम बहुतेक घरूनच. पहिल्याच भेटीत त्याने दोन गोष्टी मागितल्या: मी त्याला अरे-तुरे करावे आणि भेटी रविवारी सकाळी नऊ वाजता असाव्यात. रविवारी मी सहसा कुणाला बोलावत नाही. पण त्याच्या आवाजातील निकड ऐकून हो म्हणाले. कामाच्या वेळांची अडचण असेल, असे मी गृहीत धरले आणि पुढचे कित्येक आठवडे त्यावर विचारही केला नाही.

आजोबांपासून घरात सुवार्तेचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे, काम. तो स्वतः एकोणिसाव्या वर्षापासून गावाकडच्या चर्चमध्ये संडे स्कूलचा, म्हणजे मुलांना बायबल शिकवण्याचा, वर्ग घेत असे. चार वर्षांपूर्वी त्याच्या फोनमधील काही संदेश कुणाच्या तरी दृष्टीस पडले आणि गोष्ट पाळकांपर्यंत, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपर्यंत, गेली. एका संध्याकाळी पाळक आणि चर्चच्या वडीलमंडळींपैकी चौघे घरी आले. त्याला बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर बसवून, डोक्यावर हात ठेवून, त्याच्यातील 'आत्म्याला' निघून जाण्याची आज्ञा देत ते दोन तास प्रार्थना करत राहिले. हे सांगताना त्याचा आवाज सपाट होता. तो कापला एकदाच, आणि तोही प्रार्थनेविषयी बोलताना नव्हे. "मध्येच आई आतून आली आणि साखर कुणाला कमी लागते, ते विचारून गेली." पुढच्या रविवारी त्याच्याकडे वर्गाच्या कपाटाची किल्ली आणि मुलांची हजेरीवही परत मागण्यात आली.

त्यानंतर ख्रिस्ती धर्माविषयीचे त्याचे मत एका वाक्यात मावत होते: माणसाला त्याच्याच घरात गुडघ्यांवर आणतो, तो हा धर्म. नाताळात कार्यालयात केक कापला जाऊ लागला की तो खाली जाऊन उभा राहत असे. सहकाऱ्याच्या गळ्यातील क्रूस दिसला तरी त्याची मान आखडत असे. आपण नास्तिक आहोत, असे तो मला जवळजवळ प्रत्येक भेटीत सांगे. मी स्वतः श्रद्धाळू नाही आणि कुणाच्या नास्तिक होण्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु ज्याचा विश्वास खरोखर संपलेला असतो, त्याला ते दर आठवड्याला सांगावे लागत नाही.

चौथ्या भेटीत त्याने खालच्या स्वरात विचारले, "मॅडम, ह्याच्यावर खरंच काही उपचार नाही ना?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी स्पष्ट आणि पूर्ण उत्तर देते, कारण अर्धवट उत्तराने आशा आणि भीती दोन्ही जिवंत राहतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीरपणे सांगितले आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून, प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. लैंगिक कल बदलण्याचे 'उपचार' करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. आणि प्रार्थनेच्या बळावर समलिंगी लोकांना बदलू पाहणारी 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही अमेरिकेतील मोठी ख्रिस्ती संस्था सदतीस वर्षांच्या कामानंतर, जून २०१३ मध्ये, तिच्याच प्रमुखाने दुखावलेल्या लोकांची माफी मागून बंद केली. हा शेवटचा तपशील ऐकून तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. "माफी मागितली?" एवढेच त्याने विचारले.

माझी जडणघडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झालेली आहे. मनातील अविवेकी समज शोधावा, त्याचा पुरावा मागावा, तो टिकत नसेल तर बदलावा, ही ती वाट. आजही ती मला प्रिय आहे. त्यामुळे सुरुवातीला मी त्याच्याशी, समलिंगींच्या विरोधात दाखवल्या जाणाऱ्या बायबलमधील वचनांवर चर्चा केली. देवाने नष्ट केलेल्या सदोम या नगराचा अपराध कोणता, याचे बायबलमधील यहेज्केलाच्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायातील उत्तर मी वाचून ठेवले होते: गर्व, अन्नाची चंगळ आणि दीनदुबळ्यांकडे पाठ. मी वचन सुरू केले आणि त्याने ते माझ्याआधी पूर्ण केले. लेवीय, रोमकरांस पत्र, करिंथकरांस पत्र, बायबलच्या या सगळ्या भागांतील वचनांचे पर्यायी अर्थ त्याला पाठ होते. "हे सगळं मला पटतं, मॅडम. पण रात्री झोपताना पटत नाही." त्या वाक्याने मला थांबवले. त्याची जखम वचनांतून झालेली नव्हती, म्हणून ती वचनांनी भरणार नव्हती.

मग आला तो रविवार. माझ्या भाचीचे लग्न होते, म्हणून मी त्याला त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता यायला सांगितले. एरवी अतिशय अदबीने बोलणारा हा मुलगा फोनवर एकदम चिडला. "मग राहू द्या. संध्याकाळी मला गरज नसते." पुढच्या भेटीत, जे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते, ते विचारले.

"रविवारी सकाळी नऊलाच का?"

तो गप्प राहिला.

"नऊ वाजता काय असायचं?"

"वर्ग," तो म्हणाला. "नऊ ते दहा संडे स्कूल, मग उपासना. त्या तासाला मी घरी एकटा बसू शकत नाही, मॅडम. हात नुसते शिवशिवतात."

एवढे बोलून त्याने पाठीवरच्या पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली. किल्ली त्याने परत केली होती. हजेरीवही हरवली, असे खोटे सांगितले होते. चार वर्षे ती त्याच्या पिशवीत होती. तेवीस नावे, नावापुढे चांदणीचे चिकटवलेले छोटे कागद, काहींच्या कडा उचललेल्या. आणि एका तारखेनंतर सगळे रकाने कोरे. एका नावापुढे त्याने पेन्सिलीने 'पाय मोडला, भेटायला जाणे' असे लिहिले होते.

मी विचारले, "शेवटचा धडा कोणता घेतला होतास?"

"शमुवेलाचा."

"मला सांग. त्या मुलांना सांगितलास तसा."

तो आधी कसनुसा हसला. मग खुर्चीवरून उठला आणि उभ्याने सांगू लागला. शिलो येथील मंदिरात एली नावाचा म्हातारा याजक होता, त्याची दृष्टी मंद झाली होती. त्याच्याजवळ शमुवेल नावाचा लहान मुलगा सेवा करत असे. एका रात्री मुलाला हाक ऐकू आली. तो धावत एलीकडे गेला, "तुम्ही मला बोलावलंत?" एली म्हणाला, मी नाही बोलावलं, जाऊन नीज. असे तीन वेळा झाले. हाक देवाची होती. पण मुलाला तो आवाज ओळखीचा नव्हता, म्हणून दर वेळी तो एलीकडेच धावत गेला. माझ्या समोरचा तरुण दर वेळी दोन पावले धावत जाऊन दाखवत होता. ज्याच्या देहाला मी आजवर फक्त आखडलेला पाहिला होता, तो हात पसरून गोष्ट सांगत होता. तिसऱ्या हाकेनंतर तो मध्येच थांबला.

"माझं उलटं झालं," तो म्हणाला. "शमुवेलाला देवाचा आवाज एलीचा वाटला. मला एलीचा आवाज देवाचा वाटला."

मग तो खाली बसला आणि रडला. त्या चार वर्षांतले पहिले रडणे, असे त्याने नंतर सांगितले. मी काही बोलले नाही. या व्यवसायात कधी बोलायचे हे शिकायला मला पाच वर्षे लागली आणि कधी बोलायचे नाही हे शिकायला त्याहून अधिक. त्या सकाळी मी गप्प राहू शकले, याचे मला आजही समाधान आहे.

त्या दिवशी मला जे उमगले, ते नंतर इतरांच्या बाबतीतही पुन्हा पुन्हा खरे ठरत गेले. देवाची प्रतिमा आपण पुस्तकातून घेत नाही. ती आई-वडील, पाळक, फादर, वर्गशिक्षिका यांच्या सुरांतून, स्पर्शांतून मनात घडत जाते, आणि हे लोक प्रेमळ असतात तोवर हा सांधा कुणाला दिसतही नाही. ते उलटतात, तेव्हा देवच उलटल्यासारखे वाटते. दुखावलेला माणूस मग तीनपैकी एका निष्कर्षावर येतो: हा धर्म म्हणजे निव्वळ द्वेष आहे, किंवा धर्म खरा आहे आणि मीच शापित आहे, किंवा हे सगळे खरे आहे, पण माझ्यासाठी नाही. तिन्हींच्या मुळाशी तोच सांधा असतो. तो उकलल्यावर माणूस धर्माकडे परतो वा त्यापासून दूर जावो, निर्णय त्याचा स्वतःचा असतो. शिवाय रागाच्या खाली बहुधा शोक असतो. माझ्यासमोरच्या मुलाने देव गमावल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात त्याने तेवीस मुले, एक कपाट, आठवड्यातला एक तास आणि आईचा एक चेहरा गमावला होता, आणि त्यांतल्या एकाचाही शोक कुणी त्याला करू दिला नव्हता.

चर्च आणि ख्रिस्त यांच्यात अंतर करणे म्हणजे विश्वासघात, असे अनेकांना शिकवलेले असते. त्यांना मी आपल्याच मातीतली दोन माणसे आठवून देते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर थोड्याच काळात ज्या धर्मभगिनींच्या (नन्सच्या) आश्रयाला त्या होत्या त्यांनाच पत्रांतून ठणकावून सांगितले की, एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवल्यावर तसेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोघांचे प्रश्न वेगळे होते, समलैंगिकतेचा त्यांच्याशी संबंध नाही. पण अधिकाऱ्याचा आवाज आणि देवाचा आवाज वेगळे ऐकण्याची परंपरा मराठी ख्रिस्ती समाजाला परकी नाही, एवढे त्यांच्यावरून निश्चित म्हणता येते.

चर्चही एकाच आवाजात बोलत नाही. कलम ३७७ च्या सुनावणीत काही ख्रिस्ती संघटना समलिंगींच्या विरोधात उभ्या होत्या. तर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी डिसेंबर २०१३ मध्येच, कॅथलिक चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे म्हटले होते. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना, विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा रीतीने, आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. कॅथलिक शिकवण मात्र बदललेली नाही, आणि हेही मी लपवत नाही. वसईच्या शिक्षिकेला पापनिवेदनाच्या वेळी एका फादरांनी झिडकारले होते. दोन वर्षांनी दुसऱ्या धर्मग्रामातील वयस्क फादरांनी तिचे तासभर ऐकून घेतले आणि शेवटी चहाला थांबवले. ती आता मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाते, मागच्या बाकावर बसते. परिचारकाने मात्र धर्म कायमचा सोडला, आणि तो स्वस्थ आहे. दोघांचे समुपदेशन यशस्वी झाले, असेच मी मानते.

जे हे वाचत असतील आणि ज्यांना परत जावेसे वाटत असेल, त्यांना माझे सांगणे असे की, ज्या दारातून बाहेर काढले गेले त्याच दारातून आत जाण्याची घाई करू नका. दुसरी जागा निवडा, सोबत कुणाला तरी न्या, दाराजवळ बसा आणि गुदमरल्यासारखे झाले तर उठून या. ते अपयश नसते. कुणाला काही समजावून सांगण्याचे बंधनही मानू नका. ज्यांना जायचे नाही, त्यांनी त्या रिकाम्या तासात काय करायचे हे आधी ठरवावे, कारण रिकामा तास फार बोलतो. आई-वडिलांना विनंती आहे की, मुलाने किंवा मुलीने हे सांगितले तर पाळकांना बोलावण्याआधी त्याच्याजवळ बसा. आणि पाळकांना विनंती की, तुमचा आवाज कुणाच्या तरी मनात देवाचा म्हणून वाजत असतो, हे डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी आठवा. जगणे नको झाले असेल, तर उद्याची वाट न पाहता शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

त्या तरुणाशी आईविषयीचे बोलणे पुढे बरेच महिने चालले. ते शमुवेलाच्या गोष्टीहून अवघड होते आणि अजून पूर्ण झालेले नाही. हजेरीवही त्याने परत केली नाही, मीही तसे सुचवले नाही. पेन्सिलीने ज्याच्या पायाविषयी लिहिले होते, तो मुलगा आता पुण्यातच शिकायला आला आहे, आणि त्याने स्वतःहून सरांना शोधून काढले. दोघे एकदा भेटले, मिसळ खाल्ली, चर्चचा विषय निघाला नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "मॅडम, आपली भेट रविवारऐवजी गुरुवारी संध्याकाळी ठेवता येईल का?"

मी वही उघडून गुरुवारी सहाची वेळ लिहिली.