रस्ता ओलांडताना आईला दुचाकीने उडवलं, पाय मोडला. चालक म्हणतो दहा हजार घ्या आणि मिटवा. काय करावं?

मिटवू नका आणि कसल्याही कागदावर सही करू नका. आधी पोलिसांत एफआयआर नोंदवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. दवाखान्याचं प्रत्येक बिल, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, अगदी रिक्षाच्या पावत्याही जपून ठेवा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी आई राहते तिथल्या प्राधिकरणातही तो चालतो. मुदत मात्र अपघातापासून सहा महिन्यांची आहे, आणि उपचारांच्या धावपळीत ती कधी उलटते कळतही नाही, म्हणून हे आत्ताच हाती घ्या. उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, सोसलेल्या वेदना, सगळं मागता येतं. आई नोकरी करत नसली तरी घरकामाचं मोल न्यायालयं धरतात. त्यापुढे दहा हजार ही थट्टा आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

(गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.)