बटण दाबलं तरी ढिम्म!

प्रश्न : काल रात्रीपर्यंत संगणक व्यवस्थित चालत होता. आज बटण दाबलं तर पंखा नाही, दिवा नाही. मदरबोर्ड गेला का?

उत्तर : मदरबोर्डवर ठपका सगळ्यात शेवटी. आधी त्याच सॉकेटला दुसरं काही लावून पाहा. मग कॅबिनेटच्या मागचं एसएमपीएसचं, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचं, छोटं बटण बघा. धूळ पुसताना ते हात लागून बंद होतं. ते चालू असेल तर वायर काढा आणि पुढचं बटण ३० सेकंद दाबून धरा. विजेच्या झटक्याने अडून बसलेला एसएमपीएस कधी कधी एवढ्यानेच मोकळा होतो.

नाही झाला तर पुढच्या बटणावरच संशय घ्या. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या कडेला पॉवर स्विचच्या दोन पिनांवर बसतात. त्या वायरींच्या टोकाची प्लास्टिकची टोपी उपसा, वीज द्या आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकदाच, क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर बिघाड फक्त बटणाचा. तो दुरुस्त होईपर्यंत रिसेट बटणाची टोपी तिथे लावून काम भागतं. उलटी बसली तरी चालेल, प्लस-मायनस दिव्यांना असतं, स्विचला नसतं.

तरीही शांतताच असेल तर एसएमपीएस तपासा. वीज बंद करून त्याचे सगळे प्लग सोडवा. २४ पिनांच्या प्लगमधली एकमेव हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर यांची भोकं पेपरक्लिपने जोडा, मग वीज द्या. मल्टीमीटरची काळी तार काळ्या वायरला लावल्यावर पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नुसता पंखा फिरला म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका. आणि एसएमपीएसची पेटी अजिबात उघडायची नाही. वायर काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब उरलेला असू शकतो.

प्रश्न : पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’.

उत्तर : वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र पाठवणारं) असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लागली आहे ना? ही चूक जाणकारही करतात. तिथे गडबड नसेल तर रॅमकडे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांकडे, वळा. वायर काढून सगळ्या पट्ट्या बाहेर घ्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा स्लॉटपासून लांब झटका. मग एकच पट्टी बसवा. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरकडून दुसरा. पट्टी ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबायची. अर्धवट बसलेली पट्टी दिसायला बसलेलीच दिसते. एकेक पट्टी अशी फिरवून पाहिली की वाईट पट्टी किंवा वाईट स्लॉट हाती लागतो.

डीडीआर५ प्रकारची रॅम नवी घातली असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून बंद करू नका.

प्रश्न : नव्या कॅबिनेटमध्ये हलवल्यापासून संगणक दोन सेकंद चालतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो.

उत्तर : प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा प्लग लावायचा राहिला नाही ना, ते पाहा. मग मदरबोर्डखालचे पितळी खुंट मोजा. ज्या खुंटावर बोर्डाचं भोक येत नाही, तो मागून टेकून शॉर्ट करतो. खात्रीसाठी बोर्ड बाहेर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर व एक रॅम एवढ्यावरच चालवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लागेल. पुठ्ठ्यावर चालला तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणुकीत.

प्रश्न : रोज तारीख मागे जाते आणि ‘एफ१ दाबा’ असं येतं.

उत्तर : मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला. तो ३ व्होल्टचा असतो, २.७च्या खाली गेला की बदला, प्लसची बाजू वर. त्याआधी बायोसच्या (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटिंग्जचे फोटो काढा. सेल काढल्यावर तिथला हार्ड डिस्क जोडण्याचा मोड ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर किंवा उलट गेला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

प्रश्न : ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं.

उत्तर : लावलेले पेन ड्राइव्ह काढा. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल तर बूटचा क्रम चुकला आहे किंवा विंडोज बिघडलं आहे. दिसत नसेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला, एम.२ डिस्क (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी) असेल तर ती काढून पुन्हा बसवा. हार्ड डिस्क ठरावीक अंतराने टकटक करत असेल आणि आतले फोटो हवे असतील, तर तिला पुन्हा वीज देऊ नका.