इंग्लिशमध्ये 'अपेक्षा' सांगायला शुड, मस्ट की सपोज्ड टू?

तुम्ही विचारलंय की शाळेत शुड म्हणजे सल्ला असं शिकवलं, मग 'द ट्रेन शुड बी हिअर बाय नाऊ' मध्ये ट्रेनला सल्ला कोण देतंय. रास्त प्रश्न आहे, आणि गंमत म्हणजे हाच घोळ मराठीतही आहे, फक्त आपल्याला तो जाणवत नाही. 'त्याने अभ्यास करायला पाहिजे' आणि 'गाडी एव्हाना यायला पाहिजे', पहिल्यात कर्तव्य, दुसऱ्यात अंदाज, शब्द एकच. शुडचं डिट्टो तेच.

खरी गल्लत होते ती मस्टशी. समजा सात वाजलेत आणि तुमचा मित्र रोज सहाला ऑफिसातून निघतो, तर 'ही शुड बी होम', नेहमीच्या हिशोबाने पोचला असायला पाहिजे, तुम्ही बघितलेलं काही नाही. तेच खालून त्याच्या खिडकीत लाइट दिसला की 'ही मस्ट बी होम'. आणि लाइट बंद, बाईकपण जागेवर नाही, तर 'ही कान्ट बी होम', इथे मस्ट नॉट नको, ते मनाई केल्यासारखं वाटतं. बेल वाजली आणि दूधवालाच असणार अशी खात्री असेल तर 'दॅट विल बी द मिल्कमन', यात भविष्यकाळाचा काही संबंध नाही. ऑट टू म्हणजे जवळजवळ शुडच, बोलण्यात कमी येतं, सोडून द्या.

अजून एक, अंदाजाचा शुड सहसा हव्या असलेल्या गोष्टीला लागतो. 'इट शुड रेन टुमारो' हे पेरणी करून बसलेला शेतकरी म्हणेल, उद्या ज्याच्या दारात लग्नाचा मांडव आहे तो 'इट विल प्रॉबब्ली रेन' म्हणेल. 'आय शुड पास' चालतं, 'आय शुड फेल' म्हणालात तर समोरचा विचारेल, का बाबा, पैज लावलीय का?

भूतकाळात जरा जपून. 'दे शुड हॅव अराइव्ड बाय नाऊ' हा साधा अंदाज, पण 'यू शुड हॅव कॉल्ड मी' म्हणजे फोन केला नाहीस आणि मी चिडलोय. क्लायंटला असं लिहिलंत तर झापल्यासारखं होतं. तिथे 'द फाइल वॉज सपोज्ड टू कम ऑन मंडे' लिहा, ठरलं होतं, आली नाही, चूक कुणाची ते वाक्य बोलत नाही. (सपोज्ड टू हे व्याकरणात 'मोडल', म्हणजे शुड-मस्टच्या जातीचं सहायक क्रियापद, नाही, पण काम तेच करतं. त्यातला डी बोलताना गिळला जातो म्हणून अर्धी जनता सपोज टू लिहिते, तेवढं टाळा.)

आणि वुड. 'आय वुड बी कमिंग टुमारो' असं आपल्याकडे मेलमध्ये सर्रास लिहितात, सभ्य वाटतं म्हणून. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस ते वाचून पुढच्या इफची वाट बघत बसतो, की हा आला असता पण अडलंय कशावर? नक्की येणार असाल तर सरळ विल लिहा.