तीन दिवस, एकच वाट

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. होळी रविवारी आणि धुळवड सोमवारी आल्यामुळे शनिवार धरून तीन दिवस हाताशी येत आहेत, त्यांत शनिवारी भीमाशंकर, रविवारी महाबळेश्वर आणि परतताना कासचे पठार असा बेत तुझ्या मैत्रिणींनी आखला आहे, आणि गेल्या वर्षी अशाच सहलीत इतरांच्या वह्या पक्ष्यांच्या नावांनी भरल्या असताना तुला मात्र पानांची हालचाल आणि लोकांच्या पाठी यांखेरीज काही दिसले नाही, म्हणून यंदा जावे की न जावे हे तुला ठरवता येत नाही. ‘मावशी, मला हे जमण्यासारखेच नाही का?’ असे तू शेवटी विचारलेस. त्या एका वाक्यासाठी हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. फुले-पाखरे का पाहावीत, त्याने मन कसे निवते, हे मी तुला सांगणार नाही. तुझ्या आईच्या घरात वाढलेल्या मुलीला ते कोणी सांगू नये.

आधी यादीतून कास काढून टाक. कासच्या कातळावरची फुले पावसाच्या पाण्यावर जगतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतात. मार्चमध्ये तिथे वाळलेले गवत आणि तापलेला दगड असतो. ज्याने हा बेत आखला त्याला एवढेही ठाऊक नसावे, याचा मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. आपल्याकडचा वसंत पायाखाली नसतो, डोक्यावर असतो. जमिनीतला ओलावा आटत आलेला असतो, पाने ठेवली तर त्यांतून पाणी उडून जाते, म्हणून सावर, पांगारा, पळस ही झाडे आधी पाने टाकतात आणि मग उघड्या फांद्यांवर फुलतात. मधे पान नसल्यामुळे फूल लांबून दिसते, आणि ज्यांनी ते पाहावे अशी झाडाची गरज असते ते पक्षी येतात. बी तयार होईपर्यंत वैशाखाचा वारा सुटलेला असतो आणि सावरीचा कापूस त्यावर उडतो. पाऊस पडेपर्यंत बी मातीला पोहोचलेले असते. ही सगळी जुळणी दोन-अडीच महिन्यांत घडते, आणि ती पाहायची तर त्याच झाडाखाली पुन्हा जावे लागते.

म्हणून माझे सांगणे एकच आहे, आणि पुढचे सारे पत्र त्याच्याभोवती फिरणार आहे: तीन दिवस, एकच वाट. तू कोथरूडला राहतेस, वेताळ टेकडी तुझ्या दारात आहे. शनिवारी उजाडायच्या आत निघ, चालत जा, आणि रविवारी व सोमवारी त्याच वेळी त्याच वाटेने जा. वाट बदलू नकोस. कंटाळा आला तरी बदलू नकोस; मी तर म्हणेन, कंटाळा आला की मुळीच बदलू नकोस, कारण कंटाळा येतो तो नवे काही नसल्यामुळे नव्हे, तर डोळे अजून बसलेले नसल्यामुळे.

पहिल्या दिवशी फक्त एक फुललेले झाड शोध. टेकडीवर असो, पायथ्याला असो, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या आवारात असो. पुण्यात सावरी आणि पांगारे पुष्कळ आहेत. सावर मिळाली तर नशीब समज. तिच्याखाली उभी राहिलीस तर आधी आवाज ऐकू येईल: जाड, मांसल पाकळ्या आणि केसरांचा झुबका एकत्रच गळतो आणि जमिनीवर धप्पकन पडतो. ते फूल हातात घे. पाच पाकळ्या, आतून तुकतुकीत, बाहेरून किंचित मखमली, तळाशी चिकट ओल, आणि त्या ओलीत बहुधा मुंग्या. आता वर बघ. त्याच ओलीसाठी बुलबुल, साळुंक्या, कावळे, कोतवाल, शिंजीर एकमेकांना हुसकावत असतात, आणि प्रत्येक जण डोके खुपसून बाहेर काढतो तेव्हा कपाळाला पराग लावून निघतो. या दिवसांत त्यांत भोरड्याही असतील, गुलाबी पाठीच्या आणि काळ्या डोक्याच्या, थव्याने येऊन कलकलाट करणाऱ्या. त्या मध्य आशियाकडच्या. एप्रिल सरत आला की निघून जातात. म्हणजे भीमाशंकरच्या घाटात वाहनांच्या रांगेत तू जितका वेळ बसून राहशील, तितक्या वेळात सावरीखाली उभे राहून जाणाऱ्या पाहुण्यांना निरोप देता येतो.

दुसऱ्या दिवशी कान लाव. पहाटे पहिला आवाज बहुधा दयाळाचा असेल. झाडाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या खांबावर बसून काळा-पांढरा नर लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो. कोकिळेचे म्हणून जे गाणे आपण ऐकतो ते नर कोकिळाचे. मादी ठिपक्यांची असते आणि ‘किक्-किक्’ असे तुटक ओरडते. ऊन चढले की बाकीचे गप्प होतात आणि तांबट मात्र सुरू राहतो: टुक, टुक, टुक, एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. गेल्या वर्षी हा आवाज तुला ऐकू आला होता आणि पक्षी सापडला नव्हता, असे तू लिहिलेस. तो कोणालाच सहज सापडत नाही. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, फक्त गळा फुगतो, आणि तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. चिमणीहून थोडा मोठा हिरवा पक्षी पानांत बसला तर आणखीच अवघड. पण रविवारी तो ज्या झाडावर ओरडत होता त्याच झाडावर सोमवारीही बहुधा असतो, आणि वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला त्याने कोरायला घेतलेले वाटोळे भोक तुला तेव्हा दिसेल. एकदाच येऊन जाणाऱ्याला ते दिसत नाही. तुझ्यात काही कमी नव्हते. तुला दुसरा दिवस मिळाला नव्हता, एवढेच.

आवाज ओळखणारे ॲप फोनमध्ये आहे असे तू लिहिलेस. असू दे, आवाज टिपून नाव कळले तर वाईट नाही. पण त्यातून पक्ष्याचा आवाज मोठ्याने वाजवून त्याला जवळ बोलावू नकोस आणि कोणी बोलावत असेल तर त्याला थांबव. हे दिवस विणीचे आहेत. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो घरटे, मादी, चारा सोडून धावून येतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत शक्ती घालवतो. छायाचित्र छान येते, हे मला मान्य आहे. तरीही नको.

पिशवीभर ठिकाणे पाहण्याला माझा एवढा विरोध का, हे तुझी आई तुला सांगेल, पण मीही सांगते. माझी नोकरी बदलीची होती. विदर्भात असताना मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले वेचायला निघालेल्या बायकांबरोबर मी जात असे. मलईच्या रंगाची, रसाने जड झालेली फुले उजाडण्यापूर्वी टपटपत असतात, आणि कोणत्या झाडाचा मोह आधी गळतो, कोणत्याचा गोड असतो हे त्या बायका झाडागणिक सांगत. मी ते शिकू लागले आणि बदलीचा कागद आला. पुढे कोकणात सुरंगीचे तेच झाले. खोडाफांद्यांना चिकटून आलेल्या कळ्या पूर्ण उमलण्याआधी, सकाळीच उतरवाव्या लागतात हे कळेपर्यंत हंगाम संपला आणि पुढच्या हंगामाला मी तिथे नव्हते. गावे खूप पाहिली, पण एकाही झाडाची दोन वर्षे मला सलग मिळाली नाहीत, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही. निवृत्त झाले तेव्हा मी ठरवले की आता एक वाट धरायची आणि सोडायची नाही. बरोबरीचे लोक भरतपूरला गेले, हिमालयात गेले, मला हट्टी म्हणाले, कूपमंडूकही म्हणाले. त्यांनी पाहिले ते मी पाहिले नाही हे खरे. पण गावामागच्या ओढ्याकाठच्या कुसुंबाला लाल पालवी फुटते तेव्हा ती गेल्या वर्षीपेक्षा आधी फुटली की उशिरा, हे मी सांगू शकते, आणि ते सांगू शकणारे माणूस आज गावात दुसरे नाही. ही बढाई वाटली तर वाटू दे.

आणि हे माझ्या एकटीचे वेड नाही. 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या हाती नोकरी नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथल्या सुगरणींची घरटी दिवसच्या दिवस पाहत बसले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पाहून पसंत करते, मग तो ते पुरे करून दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीला लागतो, ही गोष्ट त्यांनी तिथे उलगडली. सुगरणीची घरटी तोवर कोणी पाहिली नव्हती असे थोडेच आहे? एका जागी बसून राहायला कोणी तयार नव्हते.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. टेकडीवर गुलाबी फुलांनी भरलेली झाडे दिसतील आणि मैत्रिणी त्यांच्याखाली फोटो काढतील. ते गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतले, आपल्याकडे मुद्दाम लावलेले. त्याचा दुस्वास करू नकोस, पण तेच पाहून परतलीस तर मला वाईट वाटेल. उघड्या माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर पुढे जाऊ नकोस. खड्यांच्या रंगाची तिची अंडी जमिनीवरच असतात आणि पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आणि काडी ओढू नकोस, कोणाला ओढू देऊ नकोस. होळीच्या दिवसांत गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने अख्खा उतार जातो, आणि त्या उतारावर बसलेल्या तित्तराला अंडी उचलून नेता येत नाहीत.

सोमवारी रंग खेळायचाच असेल तर वाटेवर गळून पडलेली पळसाची फुले वेचून आण आणि पाण्यात उकळ, केशरी रंग सुटेल. फांदीवरची तोडू नकोस. ‘कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच’ असे आपण म्हणतो, पण आत्ता झाडावर ती तीनही नसतील. ती कधी येतात ते एप्रिलमध्ये त्याच वाटेने जाऊन बघ. इथे तुझे तीन दिवस संपतात आणि माझे खरे सांगणे सुरू होते: सुट्टी नसलेल्या सकाळीही तीच वाट.

मैत्रिणी रुसतील. त्यांतली एखादी तुझ्याबरोबर येईल, बाकीच्यांना जाऊ दे. महाबळेश्वरच्या खोलीचे आगाऊ पैसे परत मिळणार नाहीत असे तू लिहिलेस; जाऊ देत ते पैसे. आजच फोन करून तुझे नाव कमी कर, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी भीडेपोटी गाडीत बसशील, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
मावशी