लहान मेंदूतली एकच गाठ : ऑपरेशन करायचं की नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा ६३ वर्षांचे, गुदाशयाचा कॅन्सर, फुप्फुसात आधीपासून ठिपके आणि आता लहान मेंदूत ३ सेंटिमीटरची एकच गाठ. सर्जन ऑपरेशन म्हणतायत, काका म्हणतायत "उगाच हाल कशाला." मी डॉक्टर नाही. आईच्या आजारपणात जे शिकलो तेवढं सांगतो.

आतड्याचा कॅन्सर मेंदूत जातो तो शंभरातल्या दोन-तीन जणांच्या, म्हणून एरवी डोक्याचा एमआरआय कुणी सांगतच नाही. गेला तर बहुतेकदा फुप्फुसानंतर, आणि लहान मेंदूत बऱ्याचदा. आईला सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची, चालताना झोक जायचा. आम्ही दोन आठवडे केमोचा त्रास समजून उलटीच्या गोळ्या देत बसलो. अजून टोचतं ते.

ही जागा अडचणीची. सूज वाढली की मेंदूतल्या पाण्याची वाट बंद होते, पाणी साचतं आणि माणूस बघता बघता गुंगीत जातो. त्यामुळे इथलं ऑपरेशन निव्वळ महिने वाढवायला नसतं. बाबा आपल्या पायांनी हिंडतफिरत असतील, तर मी काकांचं ऐकणार नाही. गाठ काढल्यावर त्या खळग्यापुरताच नेमका किरणांचा शेक (एसआरएस) देता येईल का, ते विचारा. एक-दोन गाठींसाठी आता सगळ्या डोक्याला शेक सहसा देत नाहीत. त्याने विसराळूपणा येतो, थकवा फार.

"किती दिवस?" याला डॉक्टर जीपीए नावाचे गुण लावतात. पचनसंस्थेच्या कॅन्सरसाठी ४ पैकी गुण : वय, मेंदूतल्या गाठींची संख्या, इतरत्र पसरलाय का, आणि माणूस स्वतःचं स्वतः किती करतो. या शेवटच्याला एकट्याला २ गुण! सगळ्यांत कमी गुणांच्या गटात आयुष्याचा मध्यक (मीडियन) ३ महिने, मग ७, ११, आणि वरच्या गटात १७. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या आधीच जातात, हेही ध्यानात असू द्या. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरली की दोन दिवसांत माणूस उठून बसू शकतो. बाबांचे गुण त्यानंतर मोजायला सांगा.

त्या गोळ्या सकाळी आणि दुपारी द्या, रात्री दिल्या तर झोप उडते. साखर तपासत राहा. मनाने एकदम बंद करू नका.

काढलेल्या गाठीचा ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) जपून ठेवायला सांगा. एमएसआय (गाठीच्या जनुकांतला एक बदल) आणि हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) तपासलं नसेल तर त्यावर होईल. ते निघालं तर औषधांचा मार्गच बदलतो. दुखणं-उलट्यांसाठी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा, आम्ही फार उशिरा गेलो.

आईला ऑपरेशननंतर नऊ महिने मिळाले, त्यातले सहा ती स्वयंपाकघरात होती.

आणि हो, बाबांना केमोबरोबर बेव्हॅसिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) चालू होतं का? असेल तर शेवटचा डोस कधी झाला ते सर्जनना आजच कळवा. त्याने रक्तस्राव होतो, जखम भरत नाही. मध्ये काही आठवडे जावे लागतात.